चुंबळवालीचं माप

निवृत्ती खैरनार अजून जिवंत आहे, माझ्या शेजारच्याच घरात राहतो, आणि हे वाचून भांडायला येणार आहे. येऊ दे. तो मेल्यावर लिहिलं असतं तर सगळ्यांसारखं गोड लिहावं लागलं असतं.

आम्ही दोघं नाशकातल्या अंबडच्या एकाच फाउंड्रीत होतो. तो पॅटर्न शॉपमध्ये, मी मोल्डिंगला. तो सागवानाचा नमुना करायचा, मी तो वाळूत दाबून साचा करायचो, आणि त्या साच्यात वितळलेलं लोखंड नाहीतर पितळ ओतलं जायचं. मी दिवसभर वाळू उपसायचो, तो पंख्याखाली रंधा मारायचा. जेवायच्या सुट्टीत तो आमच्यात बसत नसे. तुमच्या अंगाला जळक्या वाळूचा वास येतो, म्हणायचा. वास यायचा, ते खरं आहे. त्याच्याच नमुन्यांपायी यायचा.

काम मात्र तो चोख करायचा. ते मी नाकारत नाही. त्याला चूक कबूल करता येत नसे, एवढंच. एकदा पंपाच्या बॉडीचा नमुना त्यानं एका बाजूला पातळ केला. ओतलेला सगळा माल फुटला. साहेबासमोर तो म्हणाला, "वाळू सैल ठोकली असंल." नोटीस मला मिळाली. पुढच्या आठवड्यात नमुना गुपचूप जाड होऊन आला. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत आलो. रिटायर झाल्यावर काम संपलं, पण घरं शेजारी, त्यामुळे बोलणं काही संपलं नाही.

पॅटर्नमेकरच्या पट्टीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. धातू थंड होताना आवळतो. म्हणून लाकडाचा नमुना मुद्दाम थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच ताणलेली मिळते. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. लोखंडाच्या कामाची पट्टी वेगळी, पितळेच्या कामाची वेगळी. नुसतं बघून फरक कळत नाही. कोपऱ्यात धातूचं नाव कोरलेलं असतं, तीच खूण. निवृत्तीनं आयुष्यभर या दोनच पट्ट्या वापरल्या, आणि रिटायर होताना दोन्ही घरी आणल्या. साधी पट्टी त्याच्याकडे नव्हतीच. तयार माल मोजायचं काम इन्स्पेक्शनवाल्यांचं, आणि इन्स्पेक्शनवाल्यांना तो कारकून म्हणायचा.

त्याच्या घरात शुभांगी सून म्हणून आली. मखमलाबादकडची, फुलांचा मळा असलेल्या घरातली. लहानपणी पहाटे शेवंती तोडलेली मुलगी. पुढे ती चित्रकला शिकली, मग चित्रांचा आणि मूर्तींचा इतिहास. तिच्या अभ्यासाचा विषय असा: इंग्लंडातल्या गावोगावच्या कलादालनांमध्ये जी शिल्पं आणि आधुनिक चित्रं जमली आहेत, ती तिथं कशी गेली, कुणी दिली, कुणी कधी केली. इंग्लंडला ती गेलेली नाही. तिकडचे लोक फोटो पाठवतात, जुनी कागदपत्रं पाठवतात, ती इथं बसून जुळवते आणि लिहिते.

निवृत्तीच्या लेखी हे काम नव्हतं.

"काय करते गं तुझी सून दिवसभर?" ओट्यावरच्या बायका नवसाबाईला विचारायच्या. नवसाबाई म्हणजे निवृत्तीची बायको.

"लिहिते. विलायतेच्या मूर्त्यांवर."

"पूजेच्या?"

"नाय बाई. तिकडं नुसत्या बघायला ठेवतात."

निवृत्ती आतून ओरडायचा, "आन् ही तेबी बघत न्हाई! फोटो बघती!"

एकदा मी त्याच्या घरी चहाला बसलो होतो. शुभांगीच्या पडद्यावर एक चित्र होतं. पांढऱ्यावर एक निळा पट्टा, त्याखाली एक करडा. निवृत्तीनं मला बोलावून दाखवलं.

"बघ लहान्या. पट्टा. ह्याच्यावर म्याडमनी तीन पानं लिहिली."

"नाना, तो माणूस त्या एका चित्रावर दोन वर्षं होता," शुभांगी म्हणाली.

"दोन वर्षात एक पट्टा? आमच्या फोरमननं हाकलला असता."

"हाकललाच होता. शिकवायच्या नोकरीतून. तेही लिहिलंय मी."

मला हसू आलं, पण मी निवृत्तीच्या घरात हसत नाही.

सुरुवातीला माझंही मत निवृत्तीसारखंच होतं. मी माणसाचे हात बघतो. तिच्या हाताला काही लागलेलं नसायचं. पण आमची खिडकी तिच्या टेबलासमोर येते. एकच पान ती लिहायची, वाचायची, पुसायची, परत लिहायची. तारीख जुळली नाही तर सगळा परिच्छेद काढून टाकायची. तो लिहून झालेला असतानाही काढायची. कच्चा साचा आपण होऊन मोडणारे मोल्डर मी फार थोडे पाहिले. पहिल्याच झटक्यात जमलं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तिच्यावर थोडा बसला.

आता त्या ब्राँझच्या डोक्याबद्दल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅल्डन नावाचा एक इंग्रज शिपाई देवळालीच्या छावणीत होता. सुट्टीला नाशकात यायचा आणि मातीत माणसांची डोकी करायचा. परत गेल्यावर तो शिल्पकार झाला. इथल्या एका बाईचं डोकं त्यानं ब्राँझमध्ये ओतवलं. एक प्रत उत्तर इंग्लंडातल्या एका लहान शहराच्या कलादालनात गेली. दुसरी नाशकात आली, गंगापूर रोडला एका ट्रस्टच्या जुन्या बंगल्यात. तिकडे त्या डोक्याखाली पाटी होती, 'मुकुट घातलेली भारतीय स्त्री'. इतकी वर्षं तिथले विद्वान त्या पाटीपुढून गेले. शुभांगीनं फोटो बघितला आणि म्हणाली, मुकुट कसला, ही चुंबळ आहे. डोक्यावर पाटी घ्यायच्या आधी फडक्याची गोल गुंडाळी ठेवतात, ती. तिच्या आईच्या डोक्यावर रोज असायची. म्हणजे बाई फुलं किंवा भाजी विकणारी. हॅल्डनच्या जुन्या कागदांत 'फुलबाजारातली' एवढंच सापडलं, तिचं नाव त्यानं कुठंही लिहिलेलं नाही. माती तिच्या गावची, तोंड तिचं, नाव मात्र हॅल्डनचं राहिलं.

कलादालनाची मुख्य बाई हेलन. तिनं चुंबळ मान्य केली. तिथल्या शिल्पांचा आणि आधुनिक चित्रांचा नवा कॅटलॉग छापला जाणार होता. या डोक्यावरचा लेख तू लिही, तुझ्या नावानं छापू, असं हेलननं कळवलं. तोवर शुभांगीनं बरंच लिहून दिलं होतं, पण सगळं दुसऱ्यांच्या नावाखाली गेलं होतं. स्वतःच्या नावाचा हा पहिला लेख. तो छापला गेला तर पुढची कामं नावानं मिळणार. नाही गेला तर ती परत फोटो बघून टिपा पुरवणारी बाई.

एक गोष्ट तिला इथं तपासायची होती. नाशिकची प्रत हॅल्डननं स्वतः ओतवलेली आहे, की नंतर कुणी इंग्लंडच्या डोक्यावरून साचा काढून केलेली नक्कल? हे मापावरून कळतं. मला ते समजावून सांगायला लागलं नाही. नमुना हरवला की आम्ही जुना भागच वाळूत दाबायचो, आणि नवा भाग लहान यायचा. धातू पुन्हा एकदा आवळायचा. डोक्याचंही तसंच. नक्कल असेल तर सगळ्या बाजूंनी सारखी लहान भरणार.

डोक्याची उंची आणि कानापासून कानापर्यंतचं अंतर टेपनं नीट येत नाही. दोन वाकड्या पायांमध्ये वस्तू धरून अंतर घेणारा मोठा कॅलिपर लागतो. तो निवृत्तीकडे होता.

"देतो," तो म्हणाला. "पण हात मी लावणार. आन् पुस्तकात माझं नाव पायजे. मापं निवृत्ती खैरनारची, असं."

"घालीन, नाना."

"विलायतेच्या पुस्तकात?"

"त्याच पुस्तकात."

"घालते म्हणली ना," नवसाबाई म्हणाली, "मग काढा आता ते लोखंड पेटीतनं. झाडायला मिळत नाय मला त्या पेटीपायी."

बंगल्यात मी नव्हतो. दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात जे जुळलं तेवढंच लिहितो.

ट्रस्टचे सेक्रेटरी दीपकराव दारातच उभे होते. डोक्याला पुसायच्या कापडाशिवाय काही लावायचं नाही, असं म्हणाले. निवृत्तीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेटी उघडली, दोन्ही पट्ट्या काढल्या आणि सुनेला विचारलं, "कशाचं हाय हे?"

"ब्राँझ. तांबं आणि कथील."

"म्हणजे पितळेच्या जातीतलंच." त्यानं लोखंडाची पट्टी परत पेटीत ठेवली.

शुभांगी पुढे व्हायला लागली तर तो म्हणाला, "खुर्चीवर बस. लिही. हे तुझं काम नाय." ती बसली. त्यानं कॅलिपरचे पाय डोक्याला टेकवले, काढून पट्टीवर धरले, आकडा सांगितला. तिनं लिहिला. उंची, रुंदी, हनुवटी ते चुंबळ, कान ते कान. इंग्लंडची मापं तिला पाठ होती. पहिले दोन आकडे लहान आले तेव्हा तिनं एकदा विचारलं, "नाना, परत एकदा बघता?"

"मी परत बघत नसतो. परत बघणारे कच्चे."

तिनं पुढचा आकडा लिहिला.

इथं दोघांचंही चुकलं. त्यानं डोळ्यांनी काम केलं, डोक्यानं केलं नाही. तिनं ज्याला हात लावायचा होता त्याला हात न लावता खुर्चीवर बसून दुसऱ्याचे आकडे उतरवले. रोज स्वतःचं पान चार वेळा मोडणारी बाई त्या दिवशी एकदाही उठली नाही. सासऱ्याशी वाद नको म्हणून बसले, असं ती मला म्हणाली. वाद नको म्हणून फाउंड्रीत पुष्कळ माल फुटतो.

घरी येऊन तिनं हिशेब केला. सगळी मापं एकाच प्रमाणात लहान, आणि ते प्रमाणही नेमकं ब्राँझ आवळतं तेवढंच. इतकं सरळ उत्तर आलं म्हणून ती खूष झाली. नाशिकचं डोकं ही नंतरची नक्कल आहे, असा लेख तिनं पाठवला. हेलनही खूष. तिनं फोटो छापायच्या परवानगीसाठी तो लेख ट्रस्टला पाठवला.

चार दिवसांनी दीपकराव निवृत्तीच्या दारात.

"आमच्या बाईला डुप्लिकेट म्हणता काय हो?"

"मापं बोलतात," निवृत्ती उंबऱ्यावरूनच म्हणाला.

"मापं आम्हीपण घेतली. कंपनीतनं माणूस बोलावला, हाइट गेज घेऊन. इंग्लंडच्या बाईला सूतभर कमी नाही आमची बाई. हा घ्या कागद."

"तो कुठला माणूस?"

"इन्स्पेक्शनचा."

"कारकून," निवृत्ती म्हणाला आणि आत गेला.

दीपकराव शुभांगीकडे वळले. "ताई, दसऱ्याला हार घालतो आम्ही तिला. तिकडं मेल केलाय मी. छापाच तुम्ही आता."

संध्याकाळी हेलनचा निरोप आला. पानं थांबवली होती. आठवड्यात मापांचा खुलासा हवा. नाहीतर नुसता फोटो छापला जाईल, लेख गाळला जाईल. निरोप सभ्य होता. इंग्रजीत अशी सभ्यता खूप असते. अर्थ एकच होता: तुमच्यावर विश्वास नाही.

त्या रात्रीचं जेवण त्या घरात कुणी नीट केलं नसावं. सकाळी निवृत्तीनं मला हाक मारली.

"लहान्या, ये. सांग हिला, माझी पट्टी कधी चुकली का?"

मी गेलो. खोटं सांगायला गेलो नव्हतो, पण त्याला तसं वाटत असावं. टेबलापाशी शुभांगी होती, नवसाबाई दारात, आणि निवृत्तीचा मुलगा अमोल, शुभांगीचा नवरा, नाइट शिफ्ट करून आलेला, अजून कंपनीच्या शर्टात. त्यानं खिशातून आपली साधी स्टीलची पट्टी काढून दिली. शुभांगीनं ती टेबलावर ठेवली आणि निवृत्तीची पट्टी तिच्या शेजारी लावली. शून्याला शून्य. सुरुवातीच्या रेघा जुळल्या. मग हळूहळू सरकायला लागल्या. शेवटाला आकड्यासमोर आकडा राहिला नव्हता.

"तुझी खोटी," निवृत्ती अमोलला म्हणाला.

नवसाबाईनं आतून नातवाच्या दप्तरातली प्लॅस्टिकची पट्टी आणून टाकली. ती अमोलच्या पट्टीशी जुळली.

"हीबी खोटी," निवृत्ती म्हणाला, पण आवाज खाली आला.

शुभांगीनं त्याची पट्टी उचलून कोपरा पदरानं घासला. कोरलेली अक्षरं हातानं झिजून गेली होती. उजेडात तिरपी धरल्यावर दिसली. ब्रास.

"नाना, ही ताणलेली पट्टी आहे."

"मग? पितळेची पट्टी हाय. पितळेच्या डोक्याला पितळेची लावायची नाय तर काय लोखंडाची?"

तो खरंच असं समजत होता. मी फाउंड्रीत आयुष्य काढलं, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. ज्यानं कधी तयार माल हातात घेऊन मोजला नाही त्याला ती पट्टी धातूची वाटणारच. ती नमुन्याची असते.

"धातू एकदा आवळून झाला होता, नाना," शुभांगी म्हणाली. "तुम्ही त्याला परत आवळलं."

निवृत्ती खाली बसला. पाणी प्यायला. मला वाटलं आता तरी एक शब्द बोलेल. बोलला तो असा:

"तू लिहिताना चुकली म्हण."

"काय?"

"आकडे उतरवताना गडबड झाली म्हण. तुझ्या लिहिण्यात रोज दहा खाडाखोडी असतात. तुला काय फरक पडतो?"

पंपाची बॉडी मला आठवली. वाळू सैल ठोकली असंल. इतक्या वर्षांनी माणूस तसूभर हललेला नव्हता.

अमोल मध्ये पडला. "शुभा, टाक ना टायपिंगची चूक म्हणून. वडिलांचं वय बघ."

"वय काय बघू? मी आकडे चुकीचे लिहिते म्हटलं तर माझ्या एकाही आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. लेख तर जाईलच, मागचं लिहिलेलंही जाईल. पट्टी ताणलेली होती म्हटलं तर सगळा फरक त्या पट्टीनं समजतो. सगळी मापं सारखीच का कमी आली तेही समजतं. हे एवढंच खरं आहे आणि एवढ्यानंच लेख वाचतो."

"आन् माझं नाव?" निवृत्ती म्हणाला.

"नाव घालायचं तुम्हीच सांगितलं होतं."

"मापं घेतली म्हणून सांगितलं होतं. चुकली म्हणून नाय."

"मापं तीच आहेत, नाना."

तो उठून बाहेर गेला आणि दिवसभर आला नाही. नवसाबाई पट्ट्या गोळा करत मला म्हणाली, "तुम्ही तोंड मिटून काय बसले भाऊजी? तुम्हाला मजा वाटली ना?" मी नाही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी शुभांगीनं निवृत्तीला न विचारता त्याच्या पेटीतून कॅलिपर काढला आणि निघाली. कॅलिपर जड असतो, म्हणून मी बरोबर गेलो. दीपकरावांनी आम्हाला व्हरांड्यात उभं ठेवलं. ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं तोवर उभं ठेवलं. मग आले.

"आज कसली आणलीत? चांदीची पट्टी?"

"साधी. दुकानातली."

"आता मोजून काय करणार? आमचं मोजून झालंय."

"तुम्ही मोजलेलं मी छापणार नाही. मी मोजलेलं छापणार. ते तुमच्यासारखंच आलं तर तुमचा फायदा."

त्यांनी विचार केला आणि बाजूला झाले. डोक्याच्या गळ्यात हार होता. शुभांगीनं तो काढून वास घेतला. "शेवंती शिळी आहे," ती म्हणाली. "फुलवालीला शिळी फुलं घालता?"

"फुलवाली कोण?"

"ही. लेखात होतं ते. चुंबळीपर्यंत वाचलंच नाहीत तुम्ही. डुप्लिकेटवरच थांबलात."

दीपकरावांनी तोंड फिरवलं. ती कामाला लागली. मी काही केलं नाही, नुसता उभा होतो. तिनं प्रत्येक माप घेतलं, कॅलिपर सैल केला, पुन्हा लावला, पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा जुळलं नाही तर तिसऱ्यांदा. स्टुलावर चढून चुंबळीचा पीळ मोजला. जमिनीवर बसून मानेखालची कड मोजली. पदर खोचला होता, कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत येत होता, आणि हाताला ब्राँझचा हिरवट काळा डाग लागला होता. दीपकराव दोनदा घड्याळ बघून गेले. तिनं मान वर केली नाही. मी आयुष्यात फार लोकांना काम करताना बघितलंय. ते काम होतं.

माप इंग्लंडच्या डोक्याएवढंच आलं. नाशिकचं डोकं नक्कल नव्हतं. दोन्ही प्रती हॅल्डनच्याच.

लेख तिनं पुन्हा लिहिला. नक्कल म्हणून जो भाग होता, ज्यावर ती खूष होती, तो सगळा काढला. शेवटी एक टीप घातली, आधीची मापं का चुकली याची. टीप निवृत्तीच्या नावासकट. शब्द पाळायचा म्हणून नाव घातलं की सूड म्हणून, हे मी तिला विचारलं नाही. दोन्ही असू शकतं.

हेलननं व्हिडिओवर बोलायला बोलावलं. पुढच्या खोलीत शुभांगी लॅपटॉपसमोर बसली, मागे आम्ही. निवृत्तीही आला होता. मला बघायचंच नाय म्हणत सगळ्यात पुढची खुर्ची धरली. पडद्यावरची बाई वयस्कर, चष्मा कपाळावर, मागे खिडकी आणि खिडकीत करडं आभाळ. तिनं बराच वेळ टीप वाचली. ताणलेल्या पट्टीचं दोनदा विचारलं. शुभांगीनं निवृत्तीची पट्टी आणि साधी पट्टी कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी धरली. बाई पडद्याच्या जवळ आली. हसली नाही. मग काहीतरी विचारलं, त्यात खैरनार ऐकू आलं.

"काय म्हणती ती? माझं नाव घेतलं," निवृत्ती म्हणाला.

शुभांगी मागे वळली. "लेख छापतो म्हणतात. टीप पण हवी. पण घरातल्या माणसाचं नाव कशाला, नुसतं एक स्थानिक कारागीर म्हणू का, असं विचारतात."

"एक स्थानिक कारागीर?"

"हो. नाव काढलं तर कुणाला कळणार नाही. सांगा, काढू?"

सगळे त्याच्याकडे बघत होते, इंग्लंडची बाईसुद्धा. नवसाबाई म्हणाली, "काढायला सांगा अहो. पाहुण्यारावळ्यात कशाला?"

निवृत्तीनं पडद्याकडे बघितलं. चूक नको होती आणि नावही सोडवत नव्हतं. माणसाचा जीव कशात असतो ते अशा वेळी कळतं.

"स्थानिक कारागीर म्हणजे कुणीबी," तो म्हणाला. "हा लहान्याबी. राहू दे नाव."

शुभांगीनं इंग्रजीत तसं सांगितलं. बाईनं मान हलवली.

पुस्तक पावसाळ्यानंतर आलं. जाड, गुळगुळीत कागदाचं. शुभांगीचा लेख तिच्या नावानं छापलेला, फोटो पानभर, आणि खाली 'चुंबळ घेतलेली फुलवाली, नाशिक'. बाईचं नाव अजून नाहीच, पण मुकुट गेला. लेख आल्यावर तिला तिकडून दुसऱ्या एका कलादालनाचं काम आलं, नावासकट. घरात मात्र फार काही बदललं नाही. निवृत्ती अजून तिला म्याडम म्हणतो, ती अजून त्याच्या ताटात भाजी वाढून आत जाते. त्या दिवशीचा विषय दोघंही काढत नाहीत.

पुस्तक आलं तेव्हा मी तिथं होतो. निवृत्तीनं ते मांडीवर घेतलं, हात धोतराला पुसले, आणि अमोलला टीप वाचायला लावली. अमोल अडखळत मराठीत सांगत गेला: "नाशिकच्या प्रतीची आधीची मापं अंबडचे पॅटर्नमेकर निवृत्ती खैरनार यांनी पितळेच्या कामाच्या ताणलेल्या पट्टीनं घेतली होती. ती रद्द धरावीत. इथली मापं लेखिकेनं साध्या पट्टीनं नव्यानं घेतली आहेत."

"पॅटर्नमेकर लिहिलंय?"

"लिहिलंय."

"खैरनार नीट?"

"नीट आहे, नाना."

त्यानं बोट ठेवून ती ओळ बराच वेळ बघितली. इंग्रजी त्याला येत नाही. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "कॅलिपर माझा होता. ते कुठं लिहिलंय?"

आतून भांड्यांचा आवाज तेवढा आला.

कॅलिपर त्याचाच होता, हे खरं आहे. पुस्तकात ते लिहायचं राहून गेलं. इथं लिहिलं.